हेडर आणि इंजिनच्या सांध्यातली गॅस गळती: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत माझं गॅरेज आहे. जिप्सी, एस्टीम, झेन, जुनी होंडा सिटी अशा गाड्यांना बाहेरून आणलेला हेडर (इंजिनमधला जळका गॅस सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांचा जोड) बसवून घेणाऱ्यांचे फोन दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतून येतात. तक्रार बहुतेकदा एकच असते: हेडर बसवला, आवाज मस्त झाला, पण इंजिनच्या तोंडाशी गॅस मारतोय. फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढची बरीचशी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. ट्यूबमधलं सिलिकॉन थापून हेडरची गळती थांबत नाही. फ्लँज, म्हणजे हेडरची इंजिनला टेकणारी पट्टी, सपाट हवी आणि सगळ्या नटांची पकड सारखी हवी. या दोन गोष्टी जमल्या की साधं पॅकिंगसुद्धा (सांध्यात दाबायचा पातळ थर) वर्षानुवर्षं टिकतं.

कंपनीचा मॅनिफोल्ड पंधरा वर्षं गळला नाही, मग हेडर महिन्याभरात का गळतो?

मॅनिफोल्ड म्हणजे हेडरच्या जागी कंपनीने बसवलेला मूळ भाग, आणि तो बिडाचा असतो. घरातला बिडाचा तवा आठवा: जाड, जड, हळूहळू तापणारा, पण वाकणारा नव्हे. हेडर म्हणजे दीड-दोन एमएम जाडीच्या नळ्या, प्रत्येक सिलिंडरची वेगळी, आणि त्या सगळ्या एका लोखंडी पट्टीला वेल्डिंग केलेल्या. ती पट्टी म्हणजे फ्लँज. वेल्डिंगची उष्णता एकाच बाजूने लागली की थंड होताना पट्टी त्या बाजूला ओढली जाते आणि केळ्यासारखी वाकते. चांगला कारागीर फ्लँज जाड प्लेटला बोल्टने आवळूनच वेल्डिंग करतो आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय सोडत नाही. घाईत बनवलेल्या स्वस्त हेडरला हे सोपस्कार मिळत नाहीत.

दुसरं कारण आहे फुगण्याचं, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. तापल्यावर ॲल्युमिनियम सर्वांत जास्त पसरतं, स्टेनलेस त्याहून कमी, साधं लोखंड आणखी कमी. चार सिलिंडरच्या इंजिनवर साडेतीनशे एमएम लांबीची फ्लँज धरा. ती ३०० अंशांनी तापली तर साध्या लोखंडाची सव्वा एमएमने लांब होते, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसची जवळजवळ १.८ एमएमने. इंजिनचं हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्याला हेडर बसतो) ॲल्युमिनियमचं असलं तरी त्यात पाणी फिरत असतं. ते साधारण १०० अंशांनीच तापतं, म्हणजे पाऊण एमएमच्या आसपास वाढतं. म्हणून दर खेपेला गाडी तापली की फ्लँज हेडवर अर्धा ते एक एमएम सरकते आणि थंड झाली की परत येते. त्या सरकण्याला वाव नसेल, तर ती पॅकिंग फाडते, नट ढिले करते किंवा स्टड (हेडमधून बाहेर आलेले आट्यांचे दांडे, ज्यांवर नट बसतात) तोडते.

म्हणून हेडर हातात आला की आधी भोकं बघा. आठ एमएमच्या स्टडसाठी मधली भोकं ९ एमएमची गोल चालतात, पण दोन्ही टोकांची भोकं लांबट हवीत. नसतील तर गोल कानस घेऊन बसा. अर्ध्या तासाचं काम आहे.

सकाळी गाडी सुरू केल्यावर टिकटिक येते, पाच-दहा मिनिटांनी जाते. टॅपेट की हेडर?

दोन्हींची टिकटिक सारखी वाटते, त्यामुळे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) ॲडजस्ट करण्यात लोकांचे पैसे जातात. फरक असा. हेडरची टिकटिक गाडी थंड असताना सर्वांत मोठी असते, कारण फट थंडीत उघडी असते आणि धातू फुगल्यावर मिटत जाते. थंड इंजिनवर ॲक्सिलरेटर झटकन दाबला तर ती एकदम वाढते, कारण दाब वाढतो. टॅपेटचा आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वाढतो, जोर लावल्याने त्यात फारसा फरक पडत नाही.

गरम झाल्यावर आवाज गेला म्हणजे आजार गेला असं समजू नका. दर सकाळी तीच फट उघडते, त्यातून तापलेला गॅस जोराने सुटतो, आणि पॅकिंग त्याच जागी जळत जातं.

गळती नेमकी कुठे आहे ते घरी कळेल का?

कळेल. बॅटरीच्या उजेडात पॅकिंगच्या कडेने काळी काजळी दिसते का बघा. जिथे काजळीचा पंखा पसरलाय तिथे फट आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ बोनेटखाली सगळीकडे बसलेली असते. गळतीच्या जागी मात्र ती उडून स्वच्छ पट्टा पडलेला असतो, आणि हीसुद्धा चांगली खूण आहे.

काजळी दिसली नाही तर साबणाचं पाणी. इंजिन पूर्ण थंड हवं. व्हॅक्युम क्लीनरची नळी हवा बाहेर फेकणाऱ्या तोंडाला लावा, दुसरं टोक सायलेन्सरच्या पाइपमध्ये घालून भोवती फडका गुंडाळा, मशीन सुरू करा आणि हेडरच्या सांध्यांवर ब्रशने साबणाचं पाणी लावा. गळती असेल तिथे फुगे येतात. एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर थोडी हवा इंजिनमधूनही जाते, त्याने गोंधळू नका. फुगे फक्त सांध्यावर बघायचे.

चालू इंजिनवर हात फिरवून गळती शोधणारे आहेत. कृपा करून तसं करू नका. घाट चढून आलेल्या गाडीच्या हेडरमधला गॅस सात-आठशे अंशांच्या घरात असतो.

पॅकिंग कोणतं घ्यावं?

बाजारात साधारण चार प्रकार मिळतात.

करड्या रंगाचं फायबरचं पॅकिंग सर्वांत स्वस्त. नवीन असताना चांगलं दाबलं जातं, पण उष्णतेने कडक होतं आणि मग चुरा होतो. मी ते हेडरला लावत नाही.

ग्राफाइटचं पॅकिंग, म्हणजे मधोमध भोकाभोकांचा स्टीलचा पत्रा आणि दोन्ही बाजूंना काळं ग्राफाइट. हेडरसाठी माझी पहिली पसंती हेच. ग्राफाइट मऊ असल्याने किरकोळ उंचसखलपणा भरून काढतं, आणि निसरडं असल्याने वर सांगितलेलं फ्लँजचं सरकणं सहन करतं. मात्र एकदा दाबलं गेलं की त्याचं काम झालं. हेडर काढला तर नवीनच घालायचं.

स्टीलच्या थरांचं पॅकिंग, म्हणजे दोन-तीन पातळ स्प्रिंगसारखे पत्रे एकावर एक. कंपन्या बहुतेक हेच वापरतात. हे सर्वांत टिकाऊ, पण दोन्ही पृष्ठं मशीनवर फेसिंग केलेली, म्हणजे घासून सपाट केलेली, असतील तरच. वाकड्या फ्लँजवर हे पॅकिंग पहिल्या दिवसापासून गळतं, आणि लोक दोष पॅकिंगला देतात.

चौथं तांब्याचं. हे मी मिरकरवाड्याच्या बंदरावर मासेमारीच्या बोटींची इंजिनं करणाऱ्या मिस्त्रींकडून शिकलो. तांब्याचं पॅकिंग एकदा दाबलं की कडक होतं. ते लोक ते गॅसच्या शेगडीवर मंद लाल होईपर्यंत तापवतात आणि पाण्याच्या बादलीत टाकतात. चर्र आवाज होतो, वरची काळी पापडी सुटते आणि बाहेर येतं ते गुलाबी, मऊ, बोटाने वाकेल असं पॅकिंग. तांबं तापवल्याने मऊ पडतं. पाण्यात टाकल्याने ते लगेच हाताळता येतं आणि स्वच्छ होतं, इतकंच. नवीन तांब्याचं पॅकिंगसुद्धा बसवण्याआधी एकदा असं मऊ करून घ्या. त्याची उणीव अशी की तांबं परत उसळी घेत नाही, त्यामुळे नट पुन्हा आवळणं चुकवता येत नाही.

कोणतंही घ्या, त्याची भोकं हेडच्या भोकांपेक्षा एक-दोन एमएम मोठी असू द्या. कड आत डोकावली तर ती जळते आणि गॅसला वाट मिळते. दोन पॅकिंग एकावर एक लावून फट भरायचा प्रकारही करू नका. दाबली जाणारी जाडी दुप्पट होते आणि नट लवकर ढिले होतात.

जुन्या गाडीचं मूळ पॅकिंग खरवडताना त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं हे धरून चाला. पाणी मारून ओलं करा, मास्क लावा आणि मगच खरवडा. धूळ फुंकर मारून उडवू नका.

पॅकिंगऐवजी नुसतं सिलिकॉन लावलं तर? किंवा पॅकिंगच्या जोडीला?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो.

काळं सिलिकॉन साधारण अडीचशे अंश सोसतं. लाल त्याहून थोडं जास्त. तांबूस रंगाचं, ज्याला सगळे ‘कॉपर सिलिकॉन’ म्हणतात, ते अधूनमधून ३७० अंशांपर्यंत जाऊ शकतं. आता गॅसचं तापमान बघा. गाडी नुसती उभी राहून चालू असेल तेव्हाच ते या आकड्यांच्या पुढे जायला लागतं. आंबा घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढताना तर सातशे-आठशे. सिलिकॉनची राख होते आणि जिथे ते होतं तिथे आता पोकळी राहते.

मग कधी वापरायचं? फ्लँज आणि हेड दोन्ही सपाट असतील, पण पृष्ठावर गंजाचे बारीक खड्डे असतील, तर ग्राफाइट पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना तांबूस सिलिकॉनचा नखाइतका पातळ हात चालतो. हेडच्या थंड बाजूमुळे तिथली उष्णता थोडी कमी असते, त्यामुळे काही अंश टिकतो. लावल्यावर हलकं आवळा, रात्रभर वाळू द्या, दुसऱ्या दिवशी पूर्ण आवळा आणि मगच गाडी सुरू करा. पावसाळ्यात वाळण्याची काळजी नको, कारण सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच पक्कं होतं.

ऑक्सिजन सेन्सर (बाहेर पडणाऱ्या गॅसमधला ऑक्सिजन मोजणारा) असलेल्या गाडीला सेन्सरला न बाधणारंच सिलिकॉन घ्या, तसं ट्यूबवर छापलेलं असतं. लावल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं साधं सिलिकॉन वापरू नका. त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर वाळूसारखा थर धरते आणि सेन्सर आंधळा होतो.

सायलेन्सरच्या सांध्यांवर लावायची करडी पेस्ट वेगळी. ती हजार अंश सोसते, पण वाळून दगड होते. एकमेकांत सरकवलेल्या पाइपांना ती ठीक. हेडरच्या फ्लँजला लावली तर पहिल्याच घाटात तडकते.

फ्लँज सपाट आहे की नाही, कसं बघायचं?

इथे थोडा वेळ द्या. याच कामावर बाकीचं सगळं अवलंबून आहे.

पहिला स्टेनलेसचा हेडर मी एका जिप्सीला बसवला तेव्हा ही तपासणी केली नव्हती. नवीन चकचकीत माल, वाटलं सपाटच असणार. नट एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे आवळत गेलो. मालक कोल्हापूरला निघाले आणि साखरप्यावरून परत आले, गाडी खडखडत होती. हेडर उतरवला तर चौथ्या सिलिंडरपाशी पॅकिंग काळं ठिक्कर. फ्लँजवर मापाची सरळ पट्टी ठेवली तेव्हा टोकाला ०.४० एमएमची फट निघाली. मला ते काम फुकट परत करून द्यावं लागलं आणि ते मला मान्य होतं, कारण चूक माझीच होती. त्या दिवसापासून पट्टी ठेवल्याशिवाय एकही हेडर माझ्या हातून बसलेला नाही.

तुम्हाला लागतं ते एवढंच: अर्ध्या मीटरची चांगली स्टीलची पट्टी आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची पातळ पानं. आधी फ्लँज पूर्ण साफ करा. पट्टी उभी धरून तिची कड फ्लँजवर लांबीच्या दिशेने ठेवा, मग दोन्ही तिरक्या दिशांनी. मागून बॅटरी लावा. जिथून उजेड येतो तिथे फीलर गेजची पानं घालून बघा. ०.१० चं पान जात नसेल तर निश्चिंत राहा. ०.१० ते ०.२० असेल तर ग्राफाइट पॅकिंग सांभाळून घेईल. ०.२० चं पान सहज गेलं तर फेसिंग करून घ्या. हेच सगळं इंजिनच्या हेडवरही करायचं, कारण जुन्या गाड्यांत कधीकधी वाकडेपणा हेडचाच असतो.

भोकाच्या आतल्या कडेला वेल्डिंगचा मणी वर आलाय का तेही बोटाने तपासा. अर्ध्या एमएमचा एक मणी पूर्ण फ्लँज उचलून धरतो.

फेसिंग मिरजोळे एमआयडीसीसारख्या ठिकाणी मिलिंग मशीनवर किंवा सरफेस ग्राइंडरवर होतं. चिपळूणकरांना खेर्डी जवळ. हेडरच्या नळ्या वेड्यावाकड्या असल्याने मशीनवर पकडायला त्रास होतो, त्यामुळे आधी फोटो दाखवून विचारा. थोडंच काम असेल तर घरीही जमतं. जाड काचेच्या तुकड्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि फ्लँज त्यावर आठच्या आकड्यात फिरवा. आधी फ्लँजवर मार्करने आडव्या-उभ्या रेघा मारा. जिथल्या रेघा पुसल्या तो भाग उंच, जिथे राहिल्या तो खोल. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की झालं. हात भरून येतात, पण खर्च नाही.

एक युक्ती. चारही नळ्या एकाच लांब पट्टीला जोडलेल्या असतील आणि ती सारखी वाकत असेल, तर पट्टी नळ्यांच्या मधोमध ग्राइंडरने कापून चार वेगळे तुकडे करता येतात. प्रत्येक तुकडा आपापल्या जागी बसतो आणि लांबीच्या फुगण्याचा प्रश्न बराच कमी होतो. मात्र कापणाऱ्याचा हात स्थिर हवा आणि प्रत्येक तुकड्याला दोन नट राहतात ना, हे आधी मोजून घ्या.

फ्लँजची जाडी साध्या लोखंडात ८ ते १० एमएम असावी. पाच-सहा एमएमची पट्टी असलेला हेडर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

नट कोणत्या क्रमाने आणि किती आवळायचे?

मधल्यापासून बाहेर, एक डावीकडे, एक उजवीकडे. तीन फेऱ्यांत: पहिली हाताने टेकेपर्यंत, दुसरी निम्म्या जोराने, तिसरी पूर्ण. आठ एमएमच्या स्टडला बहुतेक गाड्यांत २० ते २५ न्यूटन-मीटर लागतात. पण तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच धरा. हेडरच्या नळ्या आड येतात म्हणून टॉर्क पाना प्रत्येक नटावर बसत नाही. जिथे बसतो तिथे हाताला अंदाज घेऊ द्या आणि उरलेले साध्या पान्याने त्याच अंदाजाने आवळा. पान्याला पाइप लावून जोर करू नका. आठ एमएमचा स्टड लांब पाइपाने सहज तुटतो.

स्टडच्या आट्यांना तापमान सोसणारं तांब्याचं किंवा निकेलचं ग्रीस हलकं लावा. आटे ओले असले की तेवढ्याच टॉर्कला पकड जास्त बसते, म्हणून अशा वेळी आकड्याच्या खालच्या बाजूला राहा.

यानंतरचं काम लोक विसरतात. गाडी पूर्ण तापवा, रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी नट परत आवळा. पुन्हा साधारण १०० किलोमीटरवर एकदा, ५०० वर एकदा. नेहमी थंड असतानाच.

परत परत आवळूनही नट ढिलेच होतात.

नायलॉनचा नट लावलाय का बघा. नायलॉन हेडरच्या उष्णतेत वितळून जातं आणि नट मोकळा राहतो. साधे स्प्रिंग वॉशरही तापून आपला ताण सोडतात. तांब्याचा मुलामा दिलेले, आटे मुद्दाम थोडे दाबलेले नट मिळतात, मॅनिफोल्डसाठी तेच योग्य. किंवा पाचरीच्या दातांचे जोडी वॉशर.

एवढं करूनही ढिले होत असतील तर इंजिनचे माउंटिंग (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) बघा. माउंटिंगचं रबर मेलं असेल तर इंजिन डुलतं, सायलेन्सर मात्र खाली चॅसिसला अडकलेला. मधल्या मध्ये हेडर पिळला जातो. सायलेन्सरची लटकती रबरं तुटलेली असली तरी तेच होतं, सगळं वजन हेडच्या स्टडवर येतं. आमच्या गावोगावच्या रस्त्यांवर हे फार लवकर घडतं. हेडर आणि सायलेन्सरच्या मध्ये जाळीचा लवचिक पाइप नसेल तर टाकून घ्या.

स्टड तुटला. आता?

थांबा आणि घाई करू नका. ॲल्युमिनियमच्या हेडमधला लोखंडी स्टड खाऱ्या हवेत असा धरून बसतो की दोन धातू एक झाल्यासारखे वाटतात. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर पुरात बुडालेल्या गाड्यांचे मॅनिफोल्ड सोडवताना मी हे पुरेपूर पाहिलं. ज्यांनी जोर केला त्यांचे स्टड तुटले. ज्यांनी दोन दिवस गंज सोडवणारं तेल मुरू दिलं त्यांचे बरेचसे सुटले.

तुटलेला तुकडा थोडा बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरतात. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टड मोकळा होतो आणि तो नट धरून फिरवता येतो. अगदी हेडच्या पातळीला तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल करावं लागतं. ड्रिल तिरकं गेलं तर हेडचे आटे जातात आणि मग तारेच्या स्प्रिंगचे नवे आटे, म्हणजे हेलीकॉइल, बसवावे लागतात. हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. काही इंजिनांत स्टडचं भोक थेट पाण्याच्या कप्प्यात उघडतं, तिथे नव्या स्टडच्या आट्यांना सीलंट लावावंच लागतं.

समुद्राकाठी हेडर साध्या लोखंडाचा की स्टेनलेसचा? आणि वर उष्णता रोखणारी कापडी पट्टी गुंडाळू का?

हर्णै, गुहागर, मालवण अशा अगदी किनाऱ्यावर राहत असाल तर स्टेनलेस. साध्या लोखंडाच्या नळ्या खाऱ्या वाऱ्यात आणि आमच्या पावसात आतून-बाहेरून खातात. ३०४ ग्रेडलाही तपकिरी डाग पडतात, पण नळी टिकते. खरेदी करताना चुंबक न्या. ३०४ला ते चिकटत नाही, ४०९ला चिकटतं. ४०९ वाईट नाही, अनेक कंपन्या सायलेन्सरला तेच वापरतात, पण पैसे ३०४चे देऊ नका. मात्र २०२ ग्रेडही चुंबकाला दाद देत नाही, म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या.

स्टेनलेस जास्त फुगतं हे वर आलंच. त्यामुळे त्याची टोकाची भोकं लांबट असलीच पाहिजेत.

पट्टी गुंडाळण्याला माझा ठाम विरोध आहे. पट्टी पाणी आणि मीठ धरून ठेवते, गाडी उभी असते तोवर नळी ओल्या फडक्यात ठेवल्यासारखी सडते, आणि वरून काहीच दिसत नाही. उष्णता कमी करायची असेल तर सिरॅमिक कोटिंग करून घ्या किंवा मध्ये पत्र्याचं कवच बसवा.

हेडर बसवल्यावर मायलेज पडलं. हेडरचा दोष?

ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर होय. गॅस इंजिनमधून धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो, आणि दोन धक्क्यांच्या मध्ये क्षणभर नळीत ओढ तयार होते. तेवढ्यात फटीतून बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो तसं कॉम्प्युटरला सांगतो, आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. स्कॅनर लावला तर पी०१७१ हा (पेट्रोल कमी पडत असल्याचा) कोड दिसू शकतो. इंजेक्टर साफ करण्याआधी साबणाचं पाणी लावून बघा.

गळती असली तरी थोडे दिवस चालवली तर चालेल ना?

आवाजापुरतं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हेडरची गळती बोनेटखाली, आणि केबिनमध्ये हवा घेण्याची जाळी काचेच्या खाली, बोनेटच्या मागच्या कडेलाच.

एका पावसाळ्यात एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. काचा बंद, पंखा चालू, तीन तासांचा प्रवास. दोन्ही मुलं मागे झोपलेली, सगळ्यांना वाटलं पाऊस आणि वळणांमुळे गाडी लागलीय. आईचं डोकं दुखत होतं. बोनेट उघडलं तर दुसऱ्या सिलिंडरपाशी अर्धं पॅकिंग गायब. मुलं मोकळ्या हवेत बसल्यावर तरतरीत झाली, पण तो दिवस मी विसरलेलो नाही. गाडीत सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, झोप यायला लागली तर काचा उघडा, गाडी थांबवा, बाहेर पडा. बरं वाटलं नाही तर दवाखान्यात जा आणि गाडीतल्या गॅसची शंका डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कायद्याने हेडर चालतो का?

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२)खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून काम करण्याआधी आपल्या आरटीओत विचारून घ्या.

१ एप्रिल २०२०पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नियमांचा टप्पा) गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) बहुधा मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. तिथे हेडर बसवायचा म्हणजे तो कापून टाकायचा, आणि ते काम मी करत नाही. काही नव्या इंजिनांत तर मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो, तिथे हेडर लावायला जागाच नाही. ट्रॅकसाठी किंवा खासगी जागेतल्या चिखलाच्या स्पर्धेसाठी ठेवलेल्या गाडीची गोष्ट वेगळी.

खालचा सांधा, जिथे चार नळ्या एकत्र येतात, तो गळतो. तिथे काय?

तिथे गोल मण्यासारखं पॅकिंग आणि स्प्रिंगचे बोल्ट असतील तर स्प्रिंगचा ताण गेलाय का बघा. स्प्रिंग पूर्ण दाबून ठेवायची नसते, तो सांधा हलण्यासाठीच केलेला आहे. सपाट फ्लँज असेल तर वरचेच नियम. इथली गळती केबिनपासून दूर असते, तरी सेन्सर त्याच्या खाली असेल तर मायलेजला फटका बसतोच.

गणपतीला गावी जायचंय, चार दिवस राहिलेत. हेडर बसवून देता का?

नाही. बसवायला अर्धा दिवस पुरतो, पण रात्रभर थंड करून आवळणं, १०० किलोमीटरनंतर परत आवळणं, हे सगळं प्रवासाआधी व्हायला हवं, आणि गर्दीच्या महामार्गावर कशेडीच्या पुढेमागे पॅकिंग उडालं तर तुमची मदत करायला कोणाला वेळ नसेल. हेडर आधीच बसलेला असेल आणि टिकटिक येत असेल, तर जुना मॅनिफोल्ड परत लावून जा. म्हणूनच मी प्रत्येकाला सांगतो की काढलेला मॅनिफोल्ड भंगारात घालू नका. ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा, आणि त्याच्या बरोबर एक नवीन पॅकिंग आणि सहा नट पिशवीत बांधून ठेवा.